चहात साखर घालायची नसते

रडू नकोस आधी. आणि ते डोक्यावरचं फडकं काढ बघू — माझ्याच अंगणात, सकाळी साडेआठ वाजता, कोणाची लाज धरून बसलीस? कोंबड्यांची? मी जन्मापासून मुसलमान आहे, सत्तेचाळीस वर्षं झाली, माझं डोकं उघडंच आहे ना? बाजारात जाताना बांधते ते वाऱ्यानं कान ठणकतात म्हणून. परवा तू ते हनुवटीखालून गुंडाळून गेलीस, तर भाजीवाली मला विचारते, "झरीफा, तुझ्याकडच्या पाहुणीची दाढ सुजलीय का गं?" मी म्हटलं, दाढ नाही, पुस्तक. पुस्तकात लिहिलंय तसं करते ती. दे इकडे. केवढं जाड! 'मुस्लिम देशात एकट्या बाईनं कसं वागावं' — हेच ना ते पान? किती रेघा मारल्यास गं! वाचून दाखव मला — तुझं ते इस्तंबूलचं तुर्की कळतं मला, जरा शिष्ट वाटतं, पण कळतं. पुरुषांच्या डोळ्यांत बघू नका. बरं. विनाकारण हसू नका. छान, म्हणजे एवढ्या लांब आमच्या शेकी गावाला यायचं आणि मयताला आल्यासारखं तोंड करून फिरायचं. लग्न झालं नसलं तरी बोटात अंगठी घाला — हां, ही ती! लिस्बेट, पोरी, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तुझ्या बोटाला हिरवा डाग पडलाय त्या अंगठीचा. आणि नवरा कुठे म्हणून विचारलं की "उद्या येतोय". सहा दिवस झाले, तुझा नवरा रोज उद्या येतोय. गल्लीतल्या बायकांना तो आता पाठ झालाय. एकीनं तर ठरवूनही टाकलं की तो पितो.

खा. पाव असा उलटा ठेवू नकोस — बघ, हे नाही लिहिलं ना त्यात? पाव उलटा ठेवला की आमच्या आया हातावर चापट मारायच्या. जे लिहायला हवं ते लिहीत नाहीत, आणि जे नको ते मोठ्या अक्षरात. हे काय, शेवटून तिसरं — 'यजमानीण नको म्हणाली तरी कामात मदत करण्याचा आग्रह धरा, घरातल्या बायका त्यानं जवळ येतात.' ज्यानं लिहिलं त्याला माझ्यासमोर आणून उभा करा. काल मी तुला किती वेळा म्हटलं, तू खोलीत जा, माझ्याकडे माणसं आलीत? तीनदा. आणि तू बाह्या सरसावून स्वयंपाकघरात. आलीस गं बाई, फारच जवळ आलीस.

नाही नाही, तुझ्यावर चिडले नाही. चिडले असते तर असा अक्रोडाचा मुरंबा वाढला असता का? कालपासून तू 'माफ करा, माफ करा' करतेयस, पण कशाची माफी ते तरी नीट कळलंय का तुला? तुझ्या देशात चहात साखर घालतात. इथे घालत नाहीत. इथे साखरेचा खडा चहात बुडवायचा, दातात धरायचा आणि वरून चहा प्यायचा — सहा दिवस माझ्यासमोर बसून तू बघतेयस. पेल्यातच साखर घालून चहा पुढे जातो तो एकदाच. मुलीला मागणी घालायला माणसं आली की आधी कोरा चहा जातो. मग थोरले बोलतात — हवा, पाणी, कोणाचा गुडघा, कोणाची गाय — आणि मग दुसरा चहा येतो. तोही कोरा आला तर पाहुण्यांनी समजायचं, उठायचं, चपला घालायच्या. तोंडानं कोणी नाही म्हणत नाही. किती सभ्य बघ आम्ही! आणि गोड आला, तर झालं. दिली मुलगी. मग बापाला पश्चात्ताप होवो की आईला फेफरं येवो.

मुलगी कुठली? अगं, माझी मुलगी बाकूला, तिला दोन पोरं आहेत. माझ्या घरात काल बाई म्हणून कोण होतं? तू, मी आणि कोंबड्या. तुझा नवरा तर उद्या येतोय.

हास. हास की, विनाकारण नाहीये.

हो. मला मागायला आले होते. ती जाड भिवयांची बाई म्हणजे नुस्रतची बहीण सोना, आणि काठीवाले म्हातारे म्हणजे शाळेतले जुने मास्तर, मोठा माणूस लागतो ना बरोबर, म्हणून आणलेले. ज्याच्यासाठी मागणी, तो नुस्रत स्वतः येत नसतो अशा वेळी. नुस्रतचं काम तू पाहिलंयस — तुझ्या खोलीतली खिडकी, ती रंगीत काचांची, सकाळी तू जिचे फोटो काढत बसतेस, ती त्यानंच केली. खिळा नाही, डिंक नाही, लाकडात लाकूड अडकवून. दोन महिन्यांचं काम होतं. अडीच वर्षं लागली त्याला. आज काय, तर लाकूड ओलं आहे. उद्या काय, तर निळी काच मिळत नाही. मी म्हटलं, लाल घाला. तर म्हणे, इथे निळीच शोभेल. थांबू शोधेपर्यंत. आता एवढी मोठी शेकी, आणि हिच्यात निळी काच मिळेना! मी चहा द्यायची. तो खडा दातात धरून बसायचा, आणि खडा विरघळेपर्यंत एक शब्द नाही बोलायचा. आणि मलाही — म्हणजे मला कामं असतात, मी काही बसून नसायची. कधीकधी बसायची.

अंगणात बसायचो आम्ही, उघड्यावर. हेही लिहून घे तुझ्या त्या पानावर, उपयोगी पडेल कोणाला. विधवेनं परपुरुषाला चहा द्यायचा तर दार उघडं ठेवून, आवाज मोठा ठेवून, आणि मध्ये मध्ये कोंबडीला हाकलायचं.

आता माझे थोरले दीर. बालाकिशी. काल कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते ते. माझ्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, नऊ वर्षं हे रोज सकाळी इथे येतात. भावाची चूल विझू द्यायची नाही म्हणतात. चूल म्हणजे काय, तर त्यांचा चहा, त्यांचं लोणी, त्यांची दोन अंडी. त्यांच्या घरी अंडी जास्त उकडतात. मी दुसऱ्याच्या घरी गेले तर भावाचा आत्मा तळमळेल म्हणे. आत्म्याचं मला ठाऊक नाही, पोटाचं नक्की. मागणी घालायला आलेल्यांना दारातून परत पाठवता येत नाही, म्हणून काल आत घेतलं सोनाला. पण आधी स्वयंपाकघरात येऊन मला सांगून गेले — "झरीफा, दोन्ही वेळा कोरा. कळलं ना? ते आपोआप उठतील." मला विचारलं नाही हं. नुसतं 'कळलं ना'. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "कळलं भावजी." नऊ वर्षं मला फक्त कळतंच आहे.

मग दुसऱ्या चहाला तू आलीस मदतीला. आणि मी पाठ वळवली, चमचे पुसायला. आणि तू चारही पेल्यांत, माझ्यासुद्धा, दोन-दोन खडे — अगदी मन लावून — आणि मास्तरांच्या पेल्यात तीन, म्हातारे आहेत म्हणून! मास्तर पहिला घोट घेतात, डोळे मिटतात, छातीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "मुबारक असो." सोना रडायलाच लागली. आणि आमचे भावजी! त्यांना मधुमेह आहे, डॉक्टरनं साखर बंद केलीय, पण त्या धक्क्यात अख्खा पेला घटाघटा पिऊन मोकळे झाले. रात्री त्यांच्या बायकोचा फोन, तुझ्या घरी काय पाजलंस माझ्या नवऱ्याला.

आणि तूच नंतर धावत गेलीस त्यांच्याकडे. 'माझी चूक झाली, मला माहीत नव्हतं.' खरेपणाचं कोण ते वेड तुम्हा लोकांना! त्यांना तेच हवं होतं. म्हणून आज दहाला येतायत — तुला घेऊन सोनाकडे जाणार, आणि तू तिथे मास्तरांसमोर सांगायचं, परदेशी बाई आहे, अजाण आहे, साखर चुकून पडली. मग सगळे हसतील, सोना आत जाऊन तोंड धुवून येईल, आणि झालं. आजवरचा सगळ्यात सभ्य नकार.

म्हणून म्हणते, खा पटापट. साडेनऊला झाकाताला जाणारी गाडी आहे. पुढे तुला जायचंच होतं ना सीमेकडे? गुरुवारी कशाला, आजच जा. मी तुझी पाण्याची बाटली भरून ठेवलीय, पाव बांधलाय. भावजी आले की मी सांगेन, गेली. नवरा आला आणि घेऊन गेला. अखेर आला बिचारा!

काय? — साखरेचं विचारलं तर काय सांगू म्हणजे? सांगितलं की. तू गेलीस, मला काही ठाऊक नाही, मी चमचे पुसत होते.

असं बघू नकोस. पुसतच होते.

चार चमचे पुसायला किती वेळ लागतो गं तुझ्या देशात? ... चहाचं पाणी उकळायचा तो समोवार पितळेचा आहे. मी रोज घासते तो. त्याच्या पोटात मागचं सगळं दिसतं, जरा वाकडं दिसतं, पण दिसतं. मी पहिला खडा पडतानाच पाहिला. तोंड उघडलं पण. 'अगं, थांब' एवढंच म्हणायचं होतं. दुसरा पेला झाला. तिसरा झाला. मी तोच चमचा पुसत राहिले. आणि मग तू तबक उचलायला निघालीस, आणि मी पाहिलं — खडे सगळे तळाशी तसेच. न ढवळताच नेणार होतीस. भावजींनी पेला हातात घेतल्या घेतल्या पाहिलं असतं, ओरडले असते, पाहुणीनं घोळ केला, दुसरा आणा. सगळं तिथेच मिटलं असतं.

ढवळलं कोणी मग?

विचार ना. काल तुझ्या लक्षात आलं नाही, मी बघितलं, तू फडकं सारखं करत होतीस. चारही पेले, लिस्बेट. तळापर्यंत. मास्तरांचा दोनदा, त्यांच्यात तीन होते ना.

नको, हात नको धरूस, माझा चहा सांडेल. — हो, भीती वाटते. का नाही वाटणार? या वयात, या गल्लीत. मुलगी फोनवर बोलेनाशी झालीय कालपासून. आणि वर तू पळून गेलीस म्हणून सांगू? म्हणजे तरी काय होईल? भावजी एकटेच जातील सोनाकडे, तू नसलीस तरी सांगतील, त्या परदेशी बाईची चूक. चूक म्हटलं की संपलं गं. नुस्रत मान डोलावेल, समजूतदार आहे मेला, आणि उद्यापासून मी अंडी उकडत बसेन.

आलेच बघ. दहा म्हणाले होते, सव्वानऊलाच टपकले. न्याहारीचा वास आला असेल. डोळे पूस. फडकं — हं, राहू दे, बांधायचं तर बांध, तुझं डोकं.

या भावजी. बसा. अंडी नाही केली आज. — नाही, ती कुठेही येणार नाही तुमच्याबरोबर, तिची गाडी आहे. सोनाकडे मीच जाणार आहे, एकटी. — ओरडू नका, पाहुणी घाबरते, तिच्या पुस्तकात लिहिलंय पुरुषांनी ओरडू नये. साखर तिनं घातली. ढवळली मी. बघत बघत ढवळली. मास्तरांना सांगेन, मुबारक बरोबरच म्हणालात. — नाही, चुकून नाही.

आणि तू काय बघत उभी राहिलीस? जा, गाडी सुटेल.