पंपाचा घोर

शेतीऔषधांच्या दुकानात रांग हलेना, तेव्हा निवृत्त मास्तरांचे कान आपसूक पुढच्या नवरा-बायकोकडे वळले. नवऱ्याच्या हातात टोमॅटोचं पान होतं.

“चार दिवस झाले, एकही पान आकसलं नाही!”

“मग तोंड का पाडलंय?”

“अगं, तणनाशकाचाच पंप न धुता मी त्यानं टोमॅटोवर किडीचं औषध फवारलं. आज ना उद्या पीक जळणारच. दुकानदाराला काही उपाय विचारतो.”

“जळत नाही काही. पंप मी धुतला होता.”

“कधी?”

“तुम्ही तण मारून तसाच टाकलात, त्याच संध्याकाळी. साबणाच्या पाण्यानं तीनदा, नळी-नोझल सगळं.”

“हुश्श! अगं, मग बोलली का नाहीस?”

“मला विचारलंत कुठे? चार दिवस पानांनाच विचारत होतात.”