अंजनाबाई नसल्यास

...आन् मंग मले सांगा, जो पूर दरसाल येते त्याले धोका काऊन म्हणाव? धोका म्हंजे अचानक येते तो. आमचा नाला त ठरलेल्या पाहुण्यासारखा येते, चार दिस राह्यते, रस्ता बंद करते आन् जाते. म्हणून जिल्ह्यानं पाठवलेल्या त्या जोखमीच्या फॉर्मात मी लिहलं, निरंक. बेचाळीस रकाने, बेचाळीस निरंक. तुमाले सांगतो, चामोर्शीच्या पुढं डांबर संपते तिथच्या आरोग्य केंद्रात मी एकोणतीस वर्षांचा बाबू, निरंक लिहलेला कागद कधी वापस आला नाई.

हा आला. कागदासंगं मॅडमबी आल्या, जिल्ह्यावरून, ज्योत्स्ना मॅडम. म्हणे, "देवरावभाऊ, जनरेटरची किल्ली कोणाकडे असते?" म्हटलं, अंजनाबाई. "नाला चढतोय हे कोण सांगतं?" अंजनाबाई जी, नाल्यातल्या काळ्या गोट्याले पानी लागलं का मंग तीनच घंटे रस्ता राह्यते, थे तिलेच समजते. "पलीकडच्या कोणत्या बाईचे दिवस भरत आले?" आता काय सांगू... अंजनाबाई. आमची परिचर हो, झाडू मारते, चहा मांडते, आन् फुरसत भेटली का अख्खं केंद्र चालवते.

"आणि या अंजनाबाई रिटायर कधी होतात?"

"एकतीस जुलैले," मी म्हटलं, आन् जून चालू होता, आन् मले तवाच समजलं का मी काय बोलून राह्यलो. मॅडमनं फॉर्मावर बोट ठेवलं. "इथेही निरंक?"

मले वाटलं, आता मेमो. पन नाई. थे एवढी मोठी अफसर अंजनाबाईच्या बाजूले खाली फरशीवर बसली, म्हणे, "बाई, तुम्ही सांगा, मी लिहिते." तीन घंटे वहीत लिहलं, मंडळी. आमी एकोणतीस वर्षांत त्या बाईले एक सवाल नाई विचारला, "चहा झाला का" सोडून.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणे, समजा गोट्याले पानी लागलं. नाल्यापलीकडच्या टोल्याच्या वस्तीत बुधरी आहे, सातवा महिना, तिला इकडे आणा. अंजनाबाई खुर्चीवर बसतील, एक शब्द बोलणार नाहीत. झालं... मी किल्ली शोधून राह्यलो, सुनिल डायवर डिझेलचं कूपन शोधून राह्यला, रोशनी सिस्टर म्हणे बुधरीचं घर कुठी हाय? मी अंजनाबाईकडं पाहतो, थे तोंडात पदर कोंबून छताकडं पाह्यते. किल्ली निघाली तांदळाच्या डब्यात. टोल्यावर पोचलो त बुधरी घरी नाई, बहिणीकडं बसाले गेली. तिले घेऊन वापस आलो, मोठ्या थाटात, का जमवलं म्हणून, त मॅडमनं घड्याळ दाखवलं.

"चार तास. नाल्यानं तुम्हाला तीन दिले होते."

बुधरी जीपमंधी पोटावर हात ठेवून बसली होती, आमच्या तोंडाकडं पाहत. तुमाले सांगतो, मले लाज वाटली, खरीखुरी. थे निरंक मी त्या पोरीच्या जिवावर लिहलं होतं.

मंग काय, दर मंगळवारी सराव. किल्लीले खिळा ठोकला, गोट्याले लाल रंग मारला, दिवस भरत आलेल्या बायांची नावं भिंतीवर लिहली. अंजनाबाई निरोपाचा नारळ घेऊन घरी गेली, आन् आठ ऑगस्टले नाला आला, असा आला का पुलाचे कठडे दिसेनात. सव्वादोन घंट्यांत आमी पाच बाया इकडं आनल्या, अंजनाबाई नसून. बुधरीले त इथीच पोरगी झाली. मॅडमचं डोकं मानलं बापा, आन् अंजनाबाईचं त त्याहून जास्त, कारण वहीत होतं थे सगळं तिचंच.

नवा फॉर्म आला, मी छाती काढून भरला, दर रकान्यात, अंजनाबाई नसल्यास देवराव. मंग साळ्याच्या लग्नाले आठ दिवसांची सुट्टी मागितली. फोनवर मॅडम म्हणे, "भाऊ, आता सगळं फक्त तुम्हालाच येतं, म्हणजे केंद्राची सगळ्यात मोठी जोखीम तुम्हीच. आधी दोघांना शिकवा, मग जा."

लग्न झालं जी, मी नव्हतो. उभ्या नोकरीत कोणी मले गनतीत धरलं नाई... आता धरलं, त धोका म्हणून.