दोन अर्थांचा शब्द

(वाटाघाटींच्या दालनामागची दुभाष्यांची खोली. दुपारची सुट्टी. निवृत्त दुभाषी बाबा मुलीचा डबा घेऊन आले आहेत.)

बाबा: नुसता डबा चिवडू नकोस, खा. काय झालं?

मुलगी: माझ्या हातून घोळ झालाय, बाबा. आपले मंत्री म्हणाले, "आम्ही थांबतो." मी पलीकडच्यांना सांगितलं, आम्ही अणुचाचण्या बंद करतो.

बाबा: आणि त्यांना म्हणायचं होतं...

मुलगी: तुमच्या उत्तराची वाट बघतो. बस, एवढंच. त्यांच्या भाषेत दोन्हीला वेगळे शब्द आहेत. मी नेमका चुकीचा उचलला.

बाबा: अरे देवा. पलीकडचे काय म्हणाले?

मुलगी: त्यांच्या म्हाताऱ्या राजदूतानं चष्मा काढून ठेवला. म्हणाला, मग आम्हीही करतो. मधे बसलेले शेजारी देश तर टाळ्याच वाजवायला लागले. बॉम्ब कुणाचाही असो, वारा त्यांच्याकडेच वाहतो ना. आता मसुदा टाइप होतोय.

बाबा: आणि आपले मंत्री?

मुलगी: खुशीत आहेत. 'आम्हीही'मधला 'ही' त्यांनी ऐकलाच नाही. त्यांना वाटतंय, पलीकडचेच आधी नमले.

बाबा: मग सांगायला हवं.

मुलगी: सांगितलं तर सगळं पाण्यात. गप्प बसले तर दोन्हीकडची पोरंबाळं वाचतील.

बाबा: चार दिवस. मग उघडकीला येईल आणि पुढे खऱ्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. मीही एकदा चुकीचा शब्द देऊन असाच गप्प बसलो होतो. मासेमारीच्या हद्दीचा करार होता. त्या खाडीत वीस वर्षं दोन्हीकडचे कोळी मार खातायत.

मुलगी: कधी बोलला नाहीत.

बाबा: लाज वाटायची. जा, तोंड धू आणि जा. मी आहे इथे.

(तासाभरानं.)

मुलगी: सांगितलं. सगळ्यांसमोर.

बाबा: ओरडले?

मुलगी: मंत्री लालबुंद झाले. म्हातारा मात्र विचारत बसला, तुमच्याकडे वाट बघायला आणि बंद करायला एकच शब्द कसा? मी म्हटलं, आमच्याकडे वाट बघणारा आधी पाय थांबवतो.

बाबा: शाब्बास. मग?

मुलगी: मंत्र्यांनी टाइप झालेला मसुदा पुढ्यात ओढून वाचला. शेवटी मला म्हणाले, "सांगा त्यांना, आम्ही थांबतो. दोन्ही अर्थांनी."

बाबा: मग आता रडतेस काय, वेडाबाई?

मुलगी: काही नाही. सह्यांना संध्याकाळ होईल. तुम्ही घरी जा.

बाबा: मी थांबतो.

मुलगी: कुठल्या अर्थानं?

बाबा: बापाकडे एकच असतो.