सुदामचं अंग खरं का खोटं

माझा जन्म तिसगावचा, पन सुदाम, माझा धाकटा भाऊ, त्यो जन्मला उसाच्या फडावर. कारखान्याच्या कडंला आमची पाचटाची कोपी, झोपडीच म्हना, हुती, तिथं. आई-बाप दोघंबी कोयत्याचे, ऊस तोडनारे, दसरा झाला का गाव सोडायचं आन उन्हाळ्यात माघारी यायचं, आमच्या पाथर्डीकडं लई घरांचं असंच हाय, त्यात सांगन्यासारखं काय न्हाई. सांगन्यासारखं इतकंच का त्यो झाला तवा वंजळीत मावंल येवढा हुता, रडायचाबी न्हाई नीट, नुसता कुईकुई करायचा. आई म्हनली ह्ये काय जगत न्हाई, आन माझ्या मांडीवर दिलं. मी फ्रॉकातली पोर. ती दोघं फडात, मी कोपीत, चहात बिस्कुट कालवून बोटानं चाटवायचे त्याला. म्हनून मी म्हनते, भाऊ न्हाई त्यो माझा, पयलं लेकरू त्येच. दुसरं झालंच न्हाई मला. लगीन झालं, मोडलं, त्ये सांगत न्हाई तुमाला, त्येची येगळीच गोष्ट हुईल.

तर मी म्हायेरी आले तवा आई-बाप दोघंबी ऱ्हायले नव्हते. शिवन मला येत हुतं, नगरला सरकारी वर्गात शिकले मी. स्टँडच्या वळीला पत्र्याची खोली घेतली, मशीन मांडली, पोलकी, परकर, पोरांच्या शाळंच्या चड्ड्या, जे येईल त्ये. शेजारी बबन न्हाव्याचं सलून. मधी नुसता पत्रा. हिकडं माझी मशीन, तिकडं त्याची कैची, आन तिथं बाकड्यावर बसनारे लोक काय काय बोलत्यात त्ये समदं मला आयकू यायचं, आयकायची विच्छा असू दे नायतर नसू दे.

त्या वक्ताला शिनेमात उघड्या अंगाचे हिरो नवे नवे निघाले हुते. त्याच्या आधीचे हिरो कसे, सदरा घालूनच रडायचे आन सदरा घालूनच मारामारी करायचे. बबननं असाच एक उघडा हिरो आरशाच्या वर लावला. अंगाला त्याल, छाती अशी जशी दोन पाट जोडून ठिवलेत, पोटावर लादीसारखे चौकोन. बाया जाता जाता पदर तोंडाला लावून बघायच्या, खोटं कशाला बोलू, मीबी बघितला. आन पुरुषांचं तर इचारूच नका. बाकड्यावर बसलं का त्योच इषय. बबन म्हनायचा बघा बघा, ह्याला म्हनत्यात कमाई, किती घाम गाळला आसंन. आन रावसाहेब कंडक्टर, यष्टीतला, नगरला रोज येनारा-जानारा, त्यो म्हनायचा कसला घाम रं, सुई हाय ती, सुई. ष्टेराइड म्हनत्यात त्याला. म्हशीला पान्हवायला सुई टोचत्यात का न्हाई, तसंच मानसाला फुगवायची निघाली. बबन म्हनायचा मंग म्हशीला का न्हाई आली आसली छाती? समदे हसायचे. पुन्ना हुज्जत. दाढ्या ऱ्हायच्या तशाच फेसात, गिऱ्हाईक बोंबलायचं, आरं आदी माझी कर.

त्या बाकड्याच्या टोकाला सुदाम बसलेला असायचा. त्याचं वय वाढलं पन अंग न्हाई वाढलं. सदऱ्याचं माप घेताना टेप गुंडाळूनच ऱ्हायची. गावातली पोरं त्याला काडी म्हनायची, ए काडी, पेटवू का. त्यो नुसता त्या फोटोकडं बघत बसायचा, जसं काय कोन त्याच्याशी बोलतंय.

पयलं त्यानं गावच्या तालमीत जायला सुरवात केली. जोर, बैठका, तांबडी माती. मंग नगरला मार्केट यार्डात हमालीला लागला, तिथं एका जिममधी नाव घातलं, शनवार-रयवार गावाकडं यायचा. काय सांगू तुमाला, दर खेपंला येगळाच मानूस यायचा. मी शिवलेला सदरा मुंढ्यात उसवायचा. पुन्ना शिवायचे, पुन्ना उसवायचा. शेवटाला मी बगलंत जोड घालाय लागले, मंग जोडबी पुरंना. दंड असा का माझे दोन्ही पंजे वेटाळले तरी बोटाला बोट लागत नव्हतं. मला हासू यायचं, रडूबी यायचं, वंजळीतलं लेकरू त्ये.

मंग जिल्ह्याच्या स्पर्धंत त्यानं नंबर काढला. स्पर्धंची चड्डी मीच शिवल्ती, निळ्या साटनीची. गावात त्याला जीपच्या टपावर बसवून आनला, हलगी, गुलाल, समद्या आळीतले लोक, आमच्या बौद्धवाड्यातले, मराठ्याचे, मुसलमानाचे, कोनी घरात ऱ्हायलं न्हाई. त्यानं टपावर उभं ऱ्हाऊन सदरा काढला, दोन्ही दंड वर केले, आन पब्लिक असं वरडलं का माझ्या अंगावर काटा. एक म्हातारी गर्दीतून म्होरं आली, तिनं त्याच्या छातीवर पंजा ठिवला, थोपटलं, म्हनली बाबा दगडाचा हाईस का रं. ज्या वाड्यापुढून आमचा बाप मान खाली घालून जायचा, त्या वाड्यातली पोरं सुदामभाऊ सुदामभाऊ करत हुती. ह्ये म्या बघितलं. येवढं सुख मला कशानंच न्हाई झालं, तुमी लिवून घेताय तर ह्येबी लिवा.

तवापासनं बबननं त्या हिरोच्या शेजारी सुदामचा फोटो लावला. आन मंग काय, जी हुज्जत हिरोवर व्हायची ती माझ्या भावावर व्हायला लागली. पोरं माझ्या दारात यायची, आक्का, भाऊच्या दंडाचं माप सांगा ना. आक्का, भाऊसारखा सदरा शिवा ना मला. मी म्हनायचे तुझ्या अंगावर त्यो गोनपाटासारखा लोंबंल, आदी अंग आन. पत्र्याच्या पल्याड बबन म्हनायचा गावरान अंडी, हरभरा, म्हशीचं दूध, आन काय न्हाई. कंडक्टर म्हनायचा आरं हरभऱ्यानं छाती येती तर आपल्या समद्या तालुक्याला आली असती. सुदाम नगरला काय करतो मला म्हाईत हाय, ज्या जिममधी जातो तिथं कोन काय इकतो त्येबी म्हाईत हाय. मला रागच आला. मशीन थांबवली, तशीच उठले, सलूनात गेले. बाई मानूस त्या सलूनात कदी पाय ठिवत नव्हतं. म्हनलं रावसाहेब भाऊ, डोळ्यानं बघितलंय का सुई टोचताना? त्यो म्हनला न्हाई बाई, डोळ्यानं न्हाई. म्हनलं मंग तोंड संभाळा. आन माघारी येऊन मशीनवर बसले.

पन मनात किडा पडला त्यो पडलाच. सुदाम जेवाय बसला तवा मी इचारलं, भाकर वाढता वाढता, काय रं, लोक सुईचं बोलत्यात, त्ये काय हाय? त्यानं घास खाली ठिवला. माझ्या डोक्यावर हात ठिवला आन म्हनला आक्के, तुझी शप्पथ न्हाई. आता सांगा, ज्याला बोटानं बिस्कुट चाटवलं त्यो माझ्या डोक्यावर हात ठिऊन म्हनतो, तर मी काय त्याची झडती घ्यायची का? इस्वास ठिवला.

मंग हळूहळू काय काय दिसाय लागलं. माप घ्यायला पाठ उघडी केली तर पाठभर फोडं, पिकलेली, लाल. म्हनला घामोळं हाय. थंडीत कसलं घामोळं? मंग माप घेऊच देईना, म्हनला जुन्याच मापाचं शीव. तोंड सुजल्यासारखं दिसायचं सकाळी. आन राग, बया बया. आमटीत मीठ कमी पडलं म्हनून ताट भिरकावलं त्यानं, उंबऱ्याभाईर गेलं. त्यो कदीच असा नव्हता. मंग आपनच जाऊन ताट आनलं, धुतलं, आन चुलीपाशी माझ्या पायाशी बसून रडला, येवढं मोठं अंग, लहान पोरासारखं हलत हुतं. मी म्हनलं सोड रं ह्ये, गावाकडं ये, हमाली नको, जिम नको. त्यो म्हनला आक्के, ह्ये अंग उतरलं तर मी पुन्ना काडी. मला पुन्ना काडी व्हायचं न्हाई.  माझ्यापाशी त्याला द्यायला दुसरं काय हुतं?

मंग गावची जत्रा आली. कुस्त्यांच्या आदी सुदामचा शो ठिवला पंचांनी, लाकडी स्टेज बांधलं, भर दुपारी. मी बायांच्यात बसले हुते. त्याचे पाय मला लांबून सुजलेले दिसत हुते, पन दुसऱ्या कोनाला दिसत हुते का न्हाई कोन जानं, लोक छाती बघत हुते. त्यानं एक पोझ दिली, दुसरी दिली, टाळ्या, शिट्ट्या. मंग त्यो एका गुडघ्यावर खाली गेला, डोकं खाली घातलं. लोकांना वाटलं ही नवी पोझ हाय. आसा गोंगाट, आशा शिट्ट्या का इचारू नका. मी वरडले त्ये कोनालाच आयकू आलं न्हाई. त्यो आडवा झाला तरी म्होरची पोरं टाळ्या वाजवीत हुती. पयल्यांदा कोन पळालं स्टेजवर म्हाईताय? कंडक्टर. त्यानंच जीप थांबवली, त्यानंच उचलला, त्येचा गनवेश समदा सुदामच्या तेलानं माखला.

नगरच्या दवाखान्यात डाक्टर म्हनले दोन्ही किडन्या गेल्यात. मला इचारलं काय घेत हुता? मी म्हनलं दूध, अंडी, हरभरा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मंग सुदामला इचारलं. सुदामनं माझ्याकडं बघितलं आन म्हनला आक्के, जरा भाईर जा. मी गेले. दार लावलं. आत त्यो काय बोलला त्ये डाक्टरला ठावं आन त्याला ठावं. मी नंतर डाक्टरचे पाय धरले, म्हनलं सांगा सायब. ते म्हनले बाई, आता त्ये जानून काय करनार?

भाईर व्हरांड्यात गावाकडून पोरं आल्ती, जीप भरून, नारळपानी घेऊन, बबनबी हुता. जीव लावनारी पोरं, खोटं न्हाई. पन तिथंबी बसल्या बसल्या त्येच. एक म्हनतोय सुईच घेत आसंन रं. दुसरा म्हनतोय दवाखान्याच्या सुईनंच बिघडलं आसंन, भाऊ आसला न्हवता. मी भितीला टेकून आयकत हुते, आता उठून भांडायची ताकद न्हवती, आन भांडायचं तरी कोनच्या बाजूनं? कंडक्टर माझ्यापाशी येऊन बसला, म्हनला बाई, माझं खरं निघाय नको हुतं. आन टोपी डोळ्यावर ओढून रडला.

पुढं काय, काही महिने दवाखान्यातल्या मशीनवर त्याचं रगत धुत हुते, डायलिसिस म्हनत्यात त्याला. अंग असं उतरलं का बघवंना. ज्याचा सदरा उसवायचा त्येच्या सदऱ्याला मी आत दाब घालून त्यो बारका करीत हुते. एकदा त्याला घराभाईर बाजंवर बसवलं हुतं उन्हाला, शेवगावकडची दोन पोरं सायकलीवर आली, त्यालाच म्हनली बाबा, सुदामभाऊचं घर कोनचं, आमाला त्यांना बघायचंय. त्यो म्हनला नगरला गेलेत भाऊ, यायला उशीर लागंल. पोरं गेली.  दिवाळीच्या आत गेला मंग. माझ्याच मांडीवर गेला. शेवटाला तरी सांगंल वाटलं, मी इचारलंबी न्हाई, त्यानं सांगितलंबी न्हाई, फकस्त पानी मागितलं.

आता लोक मला इचारत्यात, आक्का, खरं काय हुतं? मी म्हनते मला ठावं न्हाई. त्येंना वाटतं झाकती. पन मला खरंच ठावं न्हाई ओ. माझी शप्पथ त्यानं खरी घेतली का खोटी, त्ये घेऊन त्यो गेला. खरी असंल तर लोकांनी त्येच्यावर आळ घेतला, खोटी असंल तर माझ्या डोक्यावर हात ठिवताना त्येला काय वाटलं आसंन, ह्येचाच इचार करत मी पायडल मारते.

मागल्या साली तिसगावातबी जिम निघाली, पाटी सुदामच्या नावाची. पोरं हट्टानं मला फीत कापायला घेऊन गेली. आत लोखंड, आरसे, भितीभर नवे नवे उघडे हिरो, आन पोरं सदरे काढून उभी, आक्का बघा, आक्का माझा दंड बघा. मला म्हनले दोन शबुद बोला. काय बोलू? सोडा म्हनलं तर सोडनार हायेत का, त्यो तर माझं रगत हुता, त्यानं सोडलं का? मी फीत कापली आन म्हनलं पोरांनो, पोटाला खात जावा, आईला घरी वाट बघायला लावू नका. त्येंनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले, पोलकी ऱ्हायल्ती दोन, ती पुरी केली. समद्यांची लेकरं हातीपायी धड ऱ्हावू देत, आन काय मागू मी, माझं मागनं कवाच सरलंय.