मधल्या बाईंची अट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टरमंडळी, परिचारिका भगिनींनो, मागे घोळका करून बसलेले संगणकवाले, आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मधल्या बाई, सर्वांना माझा नमस्कार. मी शिवणकाम करणारी बाई, भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

यांना मधल्या बाई का म्हणतात? डॉक्टरांना काय हवं ते संगणकवाल्यांना समजवायचं, त्यांना काय जमतं ते डॉक्टरांना. म्हणजे दोन्हीकडची बोलणी खायची!

आजारपणात आमच्या ह्यांची वाचा गेली. बोटाने दाबलं की बोलणारी पाटी इथे त्यांच्यासाठी बनत होती. डॉक्टर म्हणाले, 'दुखतंय' हवं. परिचारिका म्हणाल्या, 'पाणी' हवं. संगणकवाल्यांनी इमानेइतबारे सगळं घातलं, शिवाय अक्षरंही दिली. आणि ह्यांनी पाटी ढकलून दिली! माप न घेता शिवलेला सदरा कोण घालेल हो? पण सगळे म्हणाले, पेशंट हट्टी आहे. मला मात्र एकच धास्ती. हा माणूस आता कायमचा गप्पच राहणार की काय?

तेव्हा बाईंनी अट घातली. ज्याच्यासाठी पाटी, तो खोलीत असल्याशिवाय बैठक नाही. आणि त्याचं होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

अहो, काय ती बैठक! हे एकेका अक्षरावर बोट नेताहेत, मोठे डॉक्टर घड्याळ बघताहेत, मी जीभ दाताखाली धरून बसलेली. अख्खी सकाळ गेली, तेव्हा वाक्य पुरं झालं. 'थांबा, माझं संपलेलं नाही' असं बटण ह्यांना हवं होतं. खरंच होतं ते. दोन अक्षरं झाली की पुढचं आम्हीच बोलून मोकळे व्हायचो, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे!

पाटी घरी आली. दुपारी मी मशीनवर होते, पाठीचा काटा ढिला झालेला. ह्यांचं बोट हललं तशी मी उठले, "पाणी ना? आणते." लगेच पाटी वाजली, 'थांबा, माझं संपलेलं नाही.'

परत खाली बसले. बोट हळूहळू फिरत होतं. मग पाटी बोलली, 'तू जरा पड. मी आहे ना.'

बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. तुम्हा सर्वांचे आभार. आणि बाई, तुमचे काय मानू? हे आजारी पडल्यापासून त्या दुपारी मी पहिल्यांदा निर्धास्त झोपले.