मागची वायर

आकुर्डीच्या थांब्यावर बस खोळंबली होती. कस्तुराबाईंच्या शेजारच्या सीटवरल्या मुलीनं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, कॉम्प्युटरचा दिवा लागला का?"

"न्हाई गं. बटण दाबून दाबून बोट दुखलं. तुज्या बापावरची तक्रार त्यातच लिवलीय."

"घाबरू नकोस. डब्याच्या मागं हात घाल. काळी जाड वायर घट्ट बसलीय ना?"

"वायरच न्हाई."

"सैल झाली असेल, नीट बघ."

"न्हाईच गं. पार भिंतीपातुर हात फिरवला."

"सकाळी तर होती! आई, बाबांना कळलंय. आधी दाराला आतनं कडी लाव."

"लावते... मिनल..."

"काय झालं?"

"कडीच्या जागी नुसती भोकं हायत."