कासवाचं हृदय

माझी बायको पद्मा गेली असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दुपारी मी धुळ्यातल्या एका दवाखान्यात बाकावर बसून होतो. शेजारी एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ बोलत होते.

"नासीरभाऊ, आमच्या दिराच्या हृदयाची नळी बंद शे म्हणतात. तुम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली. रक्त थांबलं की हृदय लगेच बंद पडतं का?"

"ज्याचं त्याचं वेगळं, अक्का. उंदराचं घाईचं. रक्त थांबलं तरी आतला साखरेचा साठा जाळत सुटतं, लवकर संपतं. कुत्र्याचं जरा जपून वापरतं. कासवाचं तर विचारूच नका."

"का?"

"एकदा प्रयोगासाठी चिरलेलं कासव पाहून साहेब म्हणाले, मेलं, टाकून दे. मी बादलीत टाकलं. सकाळी पाहिलं तर हृदय चालूच."

"मग ते मेलेलं शे का जिवंत?"

"तेच साहेबांना विचारलं. ते चहाला निघून गेले."

"आणि तुम्ही?"

"तेव्हापासून प्रत्येक कासवाच्या हृदयावर बोट ठेवून बसायचो. पूर्ण थांबलं की मगच टाकायचो."

"आणि माणसाचं?"

"माणसाजवळ एवढा वेळ कोणी बसू देत नाही, अक्का."

पद्माला घरी न्यायचा कागद घेऊन नर्स दोनदा येऊन गेली. मी अजून सही केलेली नव्हती.